उत्तरदाता क्रमांक सात

माझ्या अक्षराचं लहानपणापासून फार कौतुक झालं, आणि त्या कौतुकानंच माझं वाटोळं करत आणलं होतं. खुलताबादच्या वसतिगृहात फळ्यावर सुविचार लिहायचा तर मलाच हाक, गॅदरिंगच्या आमंत्रणांवर नावं घालायची तर मलाच. पुढं शहरात कॉलेजला आले तेव्हा माझ्या वह्या वर्गभर फिरायच्या, आणि परीक्षा जवळ आली की त्यांच्या झेरॉक्स माझ्या ओळखीच्याही नसलेल्या पोरांच्या काखेत दिसायच्या. एखादी गोष्ट समास सोडून, सुवाच्य अक्षरात, खाली लाल रेघ मारून उतरवली की ती आपल्याला आली, असा माझा ठाम समज होता. पंधरावीपर्यंत तो समज मोडायला कुणी आलं नाही. पंधरावी म्हणजे बी.ए.चं शेवटचं वर्ष. आमच्या लोकांत बी.ए. म्हटलं तर कुणाला काही कळत नसे, पण पंधरावी म्हटलं की पायऱ्या मोजता यायच्या.

मी राहायचे पुंडलिकनगरात, आत्याकडं. दोन खोल्या, मागं पत्र्याचं न्हाणीघर आणि पुढं तुळस ठेवायला म्हणून बांधलेला पण शेवटी पाण्याच्या टाकीखाली गेलेला ओटा. आत्याचे यजमान हर्सूलच्या जेलमध्ये शिपाई होते, त्यांना मी मामा म्हणायचे. ड्यूटीवरून आले की बूट दाराबाहेर काढून ते पहिल्यांदा एकच विचारायचे, "नळ आला होता का?" कारण त्या घराचं सगळं वेळापत्रक नळावर चालायचं. चार-पाच दिवसांनी एकदा पाणी यायचं, आणि आलं की गल्लीतला प्रत्येक माणूस हातातलं काम टाकून धावायचा. पिंप, कळश्या, पातेली, एवढंच काय, मामांचा जेवणाचा डबासुद्धा भरून ठेवायचा. मोटारींची घरघर, पाइप कुणी ओढला यावरून बायकांची भांडणं आणि या सगळ्यात पत्र्याच्या ट्रंकेवर वही ठेवून लिहीत बसलेली मी. आत्या मला कधी पाण्याला उठवायची नाही. "लिहू राहिली ती, हात नका लावू," असं ती शेजारणीला दारातूनच सांगायची. आत्या शाळेची पायरी चढलेली नव्हती. मी लिहिताना ती भाकरी थापता थापता माझ्या हाताकडं बघत राहायची, आणि मग येसराची आमटी वाढताना माझ्या वाटीत एक पळी जास्त पडायची. आज विचार करते तेव्हा वाटतं, त्या जास्तीच्या पळीची मी खरंच लायक नव्हते. मी लिहीत नव्हतेच, फक्त उतरवत होते.

आता नानांबद्दल सांगायला हवं. नाना म्हणजे आबांचे, माझ्या वडिलांचे, थोरले भाऊ. आमची मेंढरं. दिवाळी झाली की दोघं भाऊ आपापले कळप एकत्र करून डोंगरावरच्या वस्तीवरून खाली गंगथडीला, म्हणजे गोदावरीकाठी, उतरायचे आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत वर चढायचे. शेतकऱ्यांच्या मोकळ्या रानात मेंढरं बसवायची, त्यांना खत मिळायचं, आम्हाला धान्य. हे दोघं कधी वाटण्या करून वेगळे झाले नव्हते. एक झोपला की दुसरा राखण करायचा, एक बाजाराला गेला की दुसऱ्यानं दोन्ही कळप वळायचे. त्या नानांनी माझ्यासाठी त्यांच्या बायकोच्या भाच्याचं स्थळ केव्हाच बघून ठेवलं होतं. मुलगा वाईट नव्हता, हे मी आज कबूल करते. पण मला तो नको होता, मला काठी घेऊन पुन्हा मेंढरांमागं जायचं नव्हतं, मला मास्तरीण व्हायचं होतं. बारावी झाले तेव्हा नाना आडवे आले. आबांनी त्यांना शब्द दिला, "पंधरावी हू दे. एका दमात झाली तर ती मास्तरीण व्हईल. मधी कुठं आडली, तर तुमी म्हणाल तिथं देतो." आबांचा शब्द म्हणजे शब्द. त्यामुळं नापास होणं ही इतर मुलींसाठी रडण्याची गोष्ट होती, माझ्यासाठी ती शेवटाची होती.

आणि नेमक्या पंधरावीच्या वर्षी आम्हाला समाजशास्त्राला शेळके मॅडम आल्या. तासिका तत्त्वावर होत्या, म्हणजे जितके तास घेतले तितकाच पगार आणि पुढच्या वर्षाची खात्री नाही. तिशीच्या आतबाहेरच्या, घर शेतकऱ्याचं, सुती साडी आणि पायात रबरी चप्पल. पहिल्या दिवशी आम्ही सवयीनं वह्या उघडून पेनं सरसावून बसलो. सांगा म्हणजे लिहितो. मॅडम म्हणाल्या, "मी नोट्स देणार नाही. प्रकरण घरून वाचून या आणि तुम्हाला काय कळलं नाही ते विचारा. तुम्ही विचाराल तेवढंच मी शिकवीन." वर्गात हशा पिकला. दुसऱ्या दिवशी त्या आल्या, खुर्चीवर बसल्या आणि वाट बघत राहिल्या. कुणी काही विचारलं नाही. पूर्ण तास तसाच गेला. तिसऱ्या दिवशी निम्मा वर्ग आलाच नाही. महिनाभरात आम्ही नऊ जण उरलो, त्यातही खरं सांगायचं तर मी बसायचे ती हजेरीसाठी. मला त्या बाईचा मनापासून राग यायचा. हिचं काय जातंय, असं वाटायचं. आम्हाला काय विचारायचं हे माहीत असतं तर कॉलेजला कशाला आलो असतो?

शेवटच्या वर्षाला एक प्रकल्प असायचा. एखादं गाव किंवा वस्ती घ्यायची, प्रश्नावली करायची, तीस घरं फिरायची आणि चाळीस पानं लिहायची. असा नियम होता. रीत वेगळी होती. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात जुन्या पोरांचे प्रकल्प फळीवर रचून ठेवलेले असायचे. त्यातला एक उचलायचा, घरी नेऊन चांगल्या अक्षरात उतरवायचा, पहिल्या पानावर आपलं नाव टाकायचं. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. दुकानदाराला आम्ही भाईजान म्हणायचो. मी गेले तेव्हा त्यांनी चश्मा कपाळावर चढवून विचारलं, "कौन सा होना? गाव का, झोपडपट्टी का, के व्यसनमुक्ती?" मी फळीवरून एकेक काढून बघत होते आणि एका पिवळ्या पडलेल्या फायलीवर आमच्याच वस्तीचं नाव दिसलं. मला केवढा आनंद झाला! आपल्याच वस्तीचा प्रकल्प, म्हणजे तोंडी परीक्षेत कुणी काही विचारलं तरी अडायला नको. भाईजान म्हणाले, "अरे, ये तो तुम्हारे गाव का निकला. नसीब है बहन तुम्हारा." मलाही ते नशीबच वाटलं.

सहा दिवस मी ट्रंकेवर बसून तो उतरवला. मागं तीस कुटुंबांचा भला मोठा तक्ता होता. तक्ता उतरवायची माझी एक पद्धत होती, आणि ती वर्गातल्या सगळ्यांनी माझ्याकडून उचलली होती. आडवं लिहायचं नाही. आधी नावांचा रकाना वरून खालपर्यंत संपवायचा, मग वयाचा, मग शिक्षणाचा. त्यानं रकाने सरळ येतात आणि हात भरभर चालतो. नावांच्या रकान्यात सातव्या क्रमांकाला आबांचं नाव आलं, म्हसू. मला गंमत वाटली, थोडा अभिमानही वाटला, छापल्यासारखं सुंदर काढलं मी ते नाव. मग पुढचे रकाने. निरक्षर, निरक्षर, निरक्षर. नाही, नाही, नाही. वाचायचं कशाला? हात चालत होता, मागं नळाला पाणी आलं होतं आणि आत्या पिंपाशी ओरडत होती.

सोमवारी मी फाईल मॅडमच्या टेबलावर ठेवली. शुक्रवार ही कॉलेजात जमा करायची शेवटची तारीख, आणि त्याआधी फक्त मॅडमची सही हवी होती. त्यांनी पानं उलटली. मागच्या तक्त्यावर बराच वेळ थांबल्या. मग विचारलं, "ही वस्ती तुझीच ना? तुझ्या फॉर्मवर हाच पत्ता आहे."

"हो मॅडम."

"घरी वाचून दाखवलंस का हे? वडिलांना?"

मी हसले. आणि जे वाक्य बोलले ते आजही आठवलं की मान खाली जाते. मी म्हणाले, "त्यांना काय कळणार मॅडम यातलं?"

मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "मग आधी वाचून दाखव. ते काय म्हणाले तेवढं एका कागदावर लिहून आण." मी रडकुंडीला आले. आबा-माय गंगथडीला, पैठणच्या अलीकडं कुठल्यातरी रानात. जाऊन यायचं कधी? मी त्यांना नानांचं स्थळ, आबांचा शब्द, सगळं सांगून टाकलं. हात जोडले. त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "शब्द देते. तू शुक्रवारच्या आत परत ये. काही लिहून आणलंस तरी सही करीन, कोरा कागद आणलास तरी करीन. पण वाचून ये." म्हणजे माझं पास होणं त्यांनी अडवलं नव्हतं. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढं सगळ्यांनी त्यांनाच दोष दिला, आणि कितीतरी दिवस मीही तो देऊ दिला.

मंगळवारी सकाळी आत्यानं धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. पैठणच्या रस्त्यावर एसटीतून उतरून, दोन ठिकाणी विचारत, दुपारच्या उन्हात मी बिऱ्हाडावर पोचले. ज्वारी निघालेलं मोकळं रान. मेंढरं उन्हाची एकमेकींच्या पोटाखाली तोंडं घालून गोळा होऊन उभी होती. माय चुलीपुढून उठून धावत आली आणि पहिल्यांदा माझं तोंड चाचपलं, आजारी तर नाही ना म्हणून. मी म्हणाले, "काही नाही गं, आपल्या वस्तीवर लिहिलंय मी, ते तुम्हाला वाचून दाखवायचंय." आबांना हे कळलं तेव्हा त्यांनी काय केलं? डोक्याचं मुंडासं सोडून नीट बांधलं. बाभळीखाली घोंगडं अंथरलं, त्यावर मला बसवलं आणि स्वतः समोर मातीत बसले. मग नानांना हाक मारली, "नाना, इकडं या. पोरीनं पुस्तक लिवलंय आपलं."

मी वाचायला लागले. प्रस्तावना, उद्दिष्टं, संशोधन पद्धती. एक अक्षर त्यांना कळत नव्हतं, पण आबा प्रत्येक वाक्याला मान हलवत होते, आणि मायनं पदरानं डोळे पुसायला सुरुवात केली होती. मग ते वाक्य आलं. 'सदर वस्तीतील कुटुंबे सतत भटकंती करीत असल्याने त्यांच्यात मुलांच्या शिक्षणाविषयी कमालीची उदासीनता दिसून येते.' ते मी वाचून गेले आणि माझी जीभ अडखळली. मी दोन पानं एकदम उलटली. नाना मिस्कीलपणे म्हणाले, "पानं का सोडू राहिली? समदं वाच. आमची नावं हायेत म्हणे." आबा म्हणाले, "व्हय, नावं वाच."

तक्ता मोठ्यानं वाचायचा तर आडवाच वाचावा लागतो. पहिलं घर, दुसरं घर असं करत मी सातव्यावर आले. "उत्तरदाता क्रमांक सात. म्हसू. वय अंदाजे चाळीस. निरक्षर. व्यवसाय मेंढपाळ. अपत्ये एक. शाळेत जाणारी अपत्ये, एकही नाही. कारण, शिक्षणाचे महत्त्व पटलेले नाही."

 चुलीवरची भाकरी करपल्याचा वास आला तरी माय उठली नाही. आबा म्हणाले, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. मांडीखालचं घोंगडं टोचत होतं आणि मला जमिनीत जावंसं वाटत होतं.

"कवा लिवलं हे?"

"दहा-अकरा वर्सं झाली असतील आबा. कोणीतरी पोरगा आला असंल तेव्हा."

"आला व्हता. दूध पिऊन गेला. दुपारभर बसून सांगितलं त्याला." आबांनी फाईलकडं बोट केलं. "तवा तू कितवीत व्हतीस?"

"चौथीत."

नाना मोठ्यानं हसले. "बग म्हसू, एवढं शिकवलं आन पोरगी बापालाच अडाणी लिवून आली. आता तरी डोळं उघड."

आबांनी त्यांच्याकडं बघितलंच नाही. मला म्हणाले, "हे तू लिवलं?"

"नाही आबा. त्या पोराचंच आहे. मी नुसतं उतरवलं."

"उतरवताना वाचलं नाय व्हय?"

 आबा उठले, काठी घेतली आणि मेंढरांकडं निघून गेले. दिवस मावळेपर्यंत ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मॅडमनी सांगितलेला कागद काढून मी बसले, वर 'वडील काय म्हणाले' असं सुंदर अक्षरात लिहिलं, आणि खाली काहीच लिहिता येईना. चारची गाडी गेली. शहराकडं जाणारी दिवसातली तेवढी एकच गाडी तिथं थांबायची. उद्या जाऊ, असं मी मनाशी म्हटलं.

बुधवारी सकाळी मी आबांच्या मागं मागं फिरले. "आबा, त्या पोराला तुम्ही काय सांगितलं होतं? मी नीट लिहिते." आबा म्हणाले, "एकदा सांगितलं. काय झालं त्याचं?" आणि पुढं चालायला लागले. नानांना विचारलं, त्यांनी हात झटकला. शेवटी मी प्रश्नावली काढून मायपुढं बसले आणि विचारलं, "आपल्या व्यवसायातील प्रमुख अडचणी कोणत्या?" माय माझ्याकडं बघत राहिली. तिनं विचारलं, "कोणाची अडचण, गं? माझी की मेंढराची?" मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. पंधरा वर्षं शिकले होते आणि आईला एक प्रश्न विचारता येत नव्हता. वर्गात खुर्चीवर बसून वाट बघणाऱ्या मॅडम मला तेव्हा पहिल्यांदा दिसल्या. मी प्रश्नावली मिटली, मायच्या हातातली वाघर, म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी, घेतली आणि तिची फाटलेली गाठ बांधता बांधता मला खरंच जे जाणून घ्यायचं होतं ते विचारलं. "माय, मी चौथीत असताना आबा त्या पोराला काय म्हणाले गं?"

मायनं सांगितलं. ते मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. तेव्हा डोंगरावरच्या आमच्या शाळेत चौथीपर्यंतच वर्ग होते आणि वसतिगृह पाचवीपासून. मला वर ठेवून खाली उतरावं, तर तिसरीपर्यंत मला सांभाळणारी आजी त्याच पावसाळ्यात गेलेली, दुसरं माणूस नाही. त्या वर्षी आबा आयुष्यात पहिल्यांदा गंगथडीला उतरले नाहीत. नाना आपला कळप घेऊन एकटे गेले, आणि आबा आमची मेंढरं घेऊन वर थांबले, माझी चौथी पुरी व्हावी म्हणून. उन्हाळ्यात डोंगरावर चारा राहिला नाही. कोकरं पटापट गेली. "रोज एक पुरायचे," माय म्हणाली. "तू शाळंतून यायच्या आत पुरायचे, तुला दिसू नये म्हणून. त्या पोराला हेच सांगत व्हते. तो कागदावर लिवत व्हता. आमाला वाटलं, लिवलं आसंल."

मला वाटायचं, मी हुशार म्हणून शिकले. माझ्या अक्षरामुळं शिकले.

गुरुवारी दुपारी चारच्या गाडीत मी बसले नाही. बुधवारची गाडी चुकली असं म्हणता आलं असतं. गुरुवारचं तसं नव्हतं. मला पक्कं ठाऊक होतं की ही गाडी गेली की शुक्रवार गेला, शुक्रवार गेला की वर्ष गेलं आणि वर्ष गेलं की नानांचं स्थळ. मॅडमनी कोऱ्या कागदावरही सही दिली असती. मी घोंगड्यावर बसून होते, आणि उठता येत नव्हतं. त्या पिवळ्या फायलीतलंच माझ्या नावानं कॉलेजच्या कपाटात जाऊन बसणार, आणि पुढच्या वर्षी कुणीतरी पुन्हा सुवाच्य अक्षरात लिहिणार, शाळेत जाणारी अपत्ये एकही नाही. त्यापेक्षा मेलेलं बरं, असं मला वाटलं. हे मी शौर्य म्हणून सांगत नाही. मी भयंकर घाबरले होते आणि दिवसभर मायवर विनाकारण खेकसत होते.

रविवारपर्यंत राहिले. आसपासच्या रानात आमच्या वस्तीची आणखी पाच बिऱ्हाडं होती, सगळीकडं गेले. आबा शनिवारी आपणहून शेजारी येऊन बसले आणि कोकरांचं सगळं सांगितलं, मायनं सांगितलं त्याहून थोडं वेगळं. एकोणीस पानं झाली. खाडाखोड, मध्येच बाण, एका पानावर चहाचा डाग. सोमवारी मॅडमनी ती उभ्यानंच वाचली आणि सही केली. विभागप्रमुख सरांनी फाईल हातातही घेतली नाही. "मुदत संपली, आणि हे काय, तीस घरं नाहीत, चाळीस पानं नाहीत." मॅडम त्यांच्यापुढं बराच वेळ बोलत होत्या, मी दाराबाहेर उभी होते. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. मला म्हणाल्या, "माझं चुकलं का गं? मला खरंच कळत नाही."  पुढच्या वर्षी त्यांना तास मिळाले नाहीत.

मी स्वतः पुढं सत्तावीस वर्षं शिकवलं. नोट्स दिल्या नाहीत, खुर्चीवर बसून प्रश्नांची वाट बघितली. बहुतेक वेळा कुणी काही विचारलं नाही. आता मुलं फोनवर एकमेकांना प्रकल्प पाठवतात, उतरवायचेसुद्धा कष्ट उरले नाहीत. मला कुणी विचारतं, तुमच्या त्या पद्धतीनं किती मुलं घडली? मोजण्याइतकी. त्यातल्याही एखाद्याचं वर्ष माझ्यामुळं गेलं असेल, आणि त्याच्यापाठी कुणी आबा नसतील, या विचारानं अजून झोप उडते.

त्या वर्षी निकालाआधीच मी घरी सांगायला गेले. बिऱ्हाड वर निघण्याच्या तयारीत होतं. नाना आणि आबा एकाच दगडावर बसलेले. मी म्हणाले, "आबा, माझी पंधरावी आडली." नानांनी लगेच विडी विझवली. "झालं. म्हसू, शब्द आठवतोय ना? या आखाडाच्या आत उरकू." आबा मला म्हणाले, "कशापायी आडली?"

"मुदतीत गेले नाही. इथं राहिले म्हणून."

"जाता आलं असतं?"

"हो."

आबा कितीतरी वेळ हातातल्या काठीनं माती उकरत राहिले. मग थोरल्या भावाकडं न बघता बोलले, "नाना, मी शब्द मोडतो. पोरगी पुन्हा बसंल." नाना ओरडले नाहीत. ते उठले आणि इतकंच म्हणाले, "मंग मेंढरं येगळी कर."

त्याच सकाळी मेंढरं वेगळी केली. कानाच्या खुणा बघून एकेक ओढून काढायचं. ती जन्मापासून एकत्र चरलेली, त्यांना कळेना. नानांची इकडं पळत यायची, आमची तिकडं. दोन्हीकडून नुसता बेंबाटा चालला होता.  नानांनी घोड्यावर बिऱ्हाड लादलं आणि ते दुसऱ्या वाटेनं निघाले. ते पुढं आबांशी मरेपर्यंत बोलले नाहीत, आणि आबा त्या दिवसापासून एकटेच राखण करत आले. मी बांधावर उभी होते, रडत होते. आबा माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "वही आणली ना? मंग हे बी लिव. पण नुस्तं बघून लिवू नको. विचार मला."

काय विचारावं मला सुचेना. शेवटी मी विचारलं, "आबा, तुम्हाला वाईट वाटतंय का?"

नानांचा कळप धुळीत दिसेनासा होईपर्यंत आबा तिकडं बघत राहिले.

"लई," ते म्हणाले.